राखलेलं रान



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला फोन केला तेव्हा 'वृक्षारोपणावर बोला' असं सांगितलं होतं. मी त्यांच्याकडून विषय जरा बदलून घेतला. झाडं लावण्यावर बोलणारी माणसं आपल्याकडे मुबलक आहेत आणि पावसाळ्यात तर ती जास्तच उगवतात. आपल्या राज्यात 2016 साली दोन कोटी, 2017 साली चार कोटी, 2018 साली तेरा कोटी आणि 2019 साली तेहेतीस कोटी झाडं लावायची उद्दिष्टं जाहीर झाली होती. तेवढी झाडं जगली असती तर आज या सभागृहात पंखे लावावे लागले नसते. मागच्या रांगेत हसणारी मंडळी बहुधा शिक्षक असावीत. त्याच खड्ड्यात दरवर्षी नवं रोप लावण्याचा अनुभव त्यांच्याइतका कुणालाच नाही.

म्हणून मी आज लावण्याबद्दल नाही, राखण्याबद्दल बोलणार आहे. रान कोण राखतं? कुणी राखावं? आणि जो राखतो त्याच्या पदरात काय पडतं? माझं सगळं बोलणं या तीन प्रश्नांभोवती फिरेल.

पण त्याआधी तुमच्या मनातल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पारोळ्यात जंगलावर व्याख्यान कशाला? सातपुडा राहिला चोपडा, यावल, रावेरकडे. सह्याद्रीची टोकं साक्रीकडे. आपल्या तालुक्यात आहे काय? बोरीच्या काठाची बाभूळ, बांधावरचा निंब, कपाशी, बाजरी आणि उन्हाळ्यात बघवत नाहीत अशा उघड्या टेकड्या. बरोबर आहे. पण या टेकड्या उघड्या आहेत म्हणूनच हा विषय इथे घेतला पाहिजे. तामसवाडीच्या धरणात दर पावसाळ्यात जो गाळ येऊन बसतो, तो आकाशातून पडत नाही. तो कुठल्या तरी बरडावरून, कुठल्या तरी गायरानावरून येतो. त्या बरडाला मालक नाही असं आपण धरून चालतो. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, इथूनच घात सुरू होतो.

तसं पाहिलं तर रानाला मालक नव्हता असं कधीच नव्हतं. इंग्रज खानदेशात आले तेव्हा डोंगरातल्या भिल्लांनी त्यांना जेरीस आणलं. मग 1825 साली जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. तिचं ठाणं आपल्या शेजारी, धरणगावला. डोंगरातल्या माणसाला पलटणीत घ्यायचं, नांगराला जुंपायचं, आणि डोंगर मात्र आपल्याकडे घ्यायचा, असा तो एकूण बेत. 1860 च्या दशकात आगगाडी जळगाव-भुसावळपर्यंत आली. रूळ अंथरायला लाकडी स्लीपर लागले. 1878 च्या वनकायद्याने जंगलाची वर्गवारी झाली, आणि काल जे गावकऱ्याचं सरपण होतं ते आज चोरीचा माल ठरलं. 1930 साली लोकनायक बापूजी अणे पुसदला गवत कापायला गेले आणि त्यासाठी त्यांना अटक झाली. गवत कापल्याबद्दल! त्याच वर्षी 25 सप्टेंबरला रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन माणसं मेली. मीठ आपल्या पाठ्यपुस्तकात राहिलं, गवत मात्र विसरलं गेलं.

स्वातंत्र्य आलं, पण जंगलाच्या बाबतीत साहेब बदलला, टेबल तेच राहिलं. गावकऱ्याने रात्री चोरून तोडायचं, वनरक्षकाने दिवसा पकडायचं. हा खेळ इतकी वर्षं चालला की त्यात जंगल कधी संपलं ते दोघांनाही कळलं नाही.

मग शहाणपण आलं का? आलं, पण हप्त्याहप्त्याने. पश्चिम बंगालमध्ये अराबारी इथे 1972 च्या सुमारास अजितकुमार बॅनर्जी नावाच्या वनाधिकाऱ्याने गावकऱ्यांशी सरळ सौदा केला : तुम्ही साल वृक्षाचं रान राखा, उत्पन्नातला चौथा हिस्सा तुमचा. रान परत आलं. 1988 चं राष्ट्रीय वनधोरण लोकांच्या सहभागाची भाषा बोलू लागलं आणि 16 मार्च 1992 ला महाराष्ट्र सरकारने संयुक्त वन व्यवस्थापनाचा निर्णय काढला. गावोगाव समित्या झाल्या. राज्यात त्यांचा आकडा बारा हजारांवर गेला.

बारा हजार समित्या! आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांना आपल्या भागातल्या एका तरी वन समितीचा अध्यक्ष माहीत आहे? हात वर करा. बरं, राहू द्या.

असं का झालं? गावकरी आळशी म्हणून? मुळीच नाही. समितीचा अध्यक्ष गावचा असला तरी सदस्य-सचिव वन खात्याचा होता. बँकेचं पासबुक सचिवाकडे, ठरावाचं वही-रजिस्टर सचिवाकडे, रोपं कोणती लावायची ते वरून ठरलेलं. गावाने काय करायचं? राखण. राखणीचं ओझं गावाच्या डोक्यावर आणि रानाचा हक्क दुसऱ्याच्या खिशात, अशी ती भागीदारी होती. योजनेचा निधी असेपर्यंत बैठका झाल्या. निधी संपला, चहा संपला, बैठकही संपली. काही समित्यांनी फार चांगलं काम केलं, तेही खरं. ती बहुतेक अशी गावं होती जिथे सरकारी कागद यायच्या आधीच गाव जागं झालं होतं.

असं एक गाव आपल्याच खानदेशात आहे. इथून धुळे, साक्री, पिंपळनेर करत पश्चिमेला गेलं की गुजरातच्या हद्दीजवळ बारीपाडा लागतं. शंभरेक उंबऱ्यांचा कोकणा आदिवासींचा पाडा. 1990 च्या आसपास बारीपाड्याची अवस्था कुठल्याही दुष्काळी पाड्यासारखीच होती. डोंगर बोडका, विहिरी कोरड्या, बायांची पाण्यासाठी वणवण, हाताला काम म्हणजे दारू गाळणं किंवा बाहेरगावी मजुरी. त्या गावचा चैत्राम पवार नावाचा मुलगा एम. कॉम. झाला. आपल्या हिशेबाने त्याने काय करायला हवं होतं? नाशिक किंवा पुण्याला नोकरी. तो गावात थांबला. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक यांच्यासारख्यांची साथ मिळाली, आणि गावाने सुमारे 1100 एकर जंगल राखायला घेतलं.

ते जंगल त्यांच्या नावावर नव्हतं. लक्षात घ्या, वनहक्काचा कायदा यायला अजून चौदा-पंधरा वर्षं होती. जंगल सरकारचं, राखण गावाची आणि नियमही गावाचे. ते नियम अगदी बारकाईने बघण्यासारखे आहेत. त्यांनी 'जंगलात जायचं नाही' असा नियम केला नाही. चूल पेटायची थांबली तर नियम दोन दिवस टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, बैलगाडी जंगलात न्यायची नाही. डोक्यावर मोळी येईल तेवढं सरपण आणा, पण गाडी नाही. किती साधी गोष्ट! एका बाईच्या डोक्यावरच्या मोळीने जंगल मरत नाही. ते गाडीने मरतं, कारण गाडीभर लाकूड घरच्या चुलीसाठी नसतं, ते बाजारासाठी असतं. तोडणाऱ्याला दंड. आणि दंड ठरवणारे, भरणारे, वसूल करणारे सगळे एकाच गावचे, रोज एकमेकांचं तोंड बघणारे. वनरक्षकाची बदली होते, शेजाऱ्याची होत नाही. दारूबंदी झाली. श्रमदानातून दगडी बांध घातले गेले, एक-दोन नव्हे, शेकडो. पाणी मुरलं. चारसूत्री पद्धतीने भात होऊ लागला. ज्या गावाला उन्हाळ्यात पाणी नव्हतं, ते शेजारच्या गावांना पाणी देऊ लागलं.

पुरस्कारांची यादी मी वाचत नाही. 2003 साली आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या सन्मानासाठी हे गाव बँकॉकपर्यंत पोचलं आणि 2025 साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली, एवढं पुरे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिथली वनभाजी स्पर्धा. 2004 पासून ती भरते. बाया रानातल्या भाज्या रांधून आणतात. पण नुसती चव बघून नंबर देत नाहीत. भाजी कुठे उगवते, कोवळा कोंब घ्यायचा की पान, कडूपणा कसा काढायचा, कोणत्या दुखण्याला चालते, हे सांगता यावं लागतं. बांबूचे कोंब, टाकळा, कुर्डू, भोकर असं करत करत तिथे शंभराच्या घरात प्रकार मोजले गेले आहेत. एखादी आजी, जिला सही करता येत नाही, ती उभी राहून पाहुण्यांना वनस्पतिशास्त्र शिकवते. जंगल वाचल्याचा याहून चांगला दाखला कुठला? झाडांची गणना वन खातं करतंच, पण रान जिवंत आहे की नाही हे ताटावरून कळतं.

इथे तुम्ही विचाराल, चैत्राम पवार गावोगाव कुठून आणायचे? रास्त प्रश्न आहे. एका माणसावर उभं राहिलेलं काम त्या माणसाबरोबर म्हातारं होतं. म्हणून मी आता माणसाकडून कायद्याकडे वळतो.

2006 साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्यांची सतत गल्लत होते. एक, कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक हक्क. दुसरी, गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क, म्हणजे वापरण्याचा आणि राखण्याचाही. पहिल्यावर मोर्चे निघाले, आणि निघायलाच हवे होते. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांना दाव्यांसाठी 2018 च्या नोव्हेंबरात लोकसंघर्ष मोर्चाबरोबर पायी मुंबईला जावं लागलं, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. पण दुसऱ्या हक्काने काय घडू शकतं, ते बघायला गडचिरोलीत जावं लागतं.

मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही त्या गावाशी जोडली गेलेली नावं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. घोषणा सोपी असते. त्यामागे वर्षानुवर्षांचे अभ्यासगट आणि एकमताशिवाय निर्णय न घेण्याचा हट्ट होता. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू कापला की तो वाहून नेण्याचा परवाना वन खात्याकडे! तुमच्या शेतात कापूस तुमचा, आणि जिनिंगला न्यायची परवानगी तलाठी देईल न देईल, असा प्रकार. बांबू हे झाड की गवत, यावर सरकार दरबारी वाद चालला. वनस्पतिशास्त्रातलं उत्तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका पावतीपुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला यावं लागलं, यातच हक्क आणि कर्तव्य यांच्यातलं अंतर किती होतं ते दिसतं.

पुस्तक हाती आल्यावर बांबूचा पैसा गावात आला. आणि पैसा आला की गाव जंगल कापून खाईल, ही जी भीती घातली जात होती ती खोटी ठरली. स्वतःची दुभती म्हैस कुणी कसायाला विकत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरचंही थोडक्यात सांगतो, कारण तिथली जमीन आपल्यासारखी उघडी होती. 2012 साली तिथल्या ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळाला, 'खोज' संस्थेची मदत झाली, उजाड जमिनीवर राखण आणि लागवड झाली आणि सीताफळं ग्रामसभेने स्वतः बाजारात नेली. 2014 साली त्यांना भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. सीताफळ! आपल्या डोंगरउतारावर आपोआप येतं, जनावर तोंड लावत नाही, आणि तरी आपण ते हायवेच्या कडेला पाटीवर मातीमोल विकतो.

जगातही हे झालं आहे. नेपाळने 1957 साली जंगलं सरकारजमा केली आणि पुढच्या वीस वर्षांत डोंगर नागवे झाले. 1993 च्या कायद्याने ती गावगटांकडे सोपवली. आज तिथे बावीस हजारांवर वनगट आहेत, गटाला उत्पन्नाचा किमान चौथा हिस्सा रानावरच खर्च करावा लागतो, आणि गरीब घरांसाठी वेगळा वाटा ठेवावा लागतो. नागव्या डोंगरांवर पुन्हा झाडी दिसू लागली आहे. 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर हेच तपासलं : सामाईक संपत्तीची नासाडी अटळ असते का? त्यांचं उत्तर होतं, नाही. वापरणाऱ्यांनी नियम स्वतः केले असतील, राखण स्वतः केली असेल, आणि वरच्या सत्तेने त्यांना नियम करू दिले असतील, तर नाही. बारीपाड्याच्या बैलगाडीच्या नियमात हे सगळं आहे. फक्त त्याला नोबेल मिळालं नाही.

आता आपल्या उंबऱ्यावर येऊ.

पारोळ्याच्या माणसाने बारीपाडा बघून यावं, पण त्याची नक्कल करू नये. तिथला पाऊस वेगळा, माती वेगळी, समाज एकजिनसी. आपल्यासाठी जवळचं उदाहरण धुळे तालुक्यातलं लामकानी. मोठं गाव, सगळ्या जातींचं, राजकारण भरपूर, म्हणजे आपल्यासारखंच. मूळचे तिथले, धुळ्यात प्रॅक्टिस करणारे डॉ. धनंजय नेवाडकर यांनी 2000 च्या सुमारास गावाला डोंगर राखण्यासाठी तयार केलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, सलग समतल चर, आणि शेकडो हेक्टर डोंगराला विश्रांती.

मी तो डोंगर चढलो आहे. गंमत अशी की तिथे गेल्यावर आधी झाडं दिसतच नाहीत. दिसतं गवत. राखलेल्या डोंगरावर पहिल्यांदा कुसळी येते. ती तुम्हाला ठाऊकच आहे; मोज्यात घुसते, धोतराला चिकटते, मेंढीच्या तोंडाला जखमा करते. लोक म्हणतात, हे कसलं गवत, बंदी उठवा. इथेच बहुतेक गावं हरतात. पण आणखी काही पावसाळे दम धरला तर कुसळी मागे हटते आणि मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी ही बारमाही गवतं बूड धरतात. त्यांची मुळं मातीला घट्ट धरून ठेवतात. चर भरून वाहायच्या ऐवजी पाणी जिरतं. आणि मग त्या गवताच्या आडोशाने, कुणी न लावता, अंजन, पळस, बोर, हिवर उगवून येतात. लामकानीचं रान रोपवाटिकेतून आलेलं नाही.

आमच्याकडे मात्र काय होतं? गायरानावर जेसीबी नेतात, असलेलं गवत उलथून टाकतात, खड्डे घेतात आणि त्यात सुबाभूळ लावतात. फोटो निघतो. माझं स्पष्ट मत आहे, कमी पावसाच्या या पट्ट्यात पहिली पाच वर्षं झाडाचं नावसुद्धा काढू नये. गवत राखावं. दुष्काळात चारा छावणीपुढे रांग लावणाऱ्या शेतकऱ्याला गवताची किंमत सांगायला नको. कापून न्यायचं असेल तर विळ्याने न्या, ठरल्या दिवशी न्या, ठरलेली रक्कम ग्रामसभेच्या खात्यात भरा. पण गुरं सोडू नका.

कायदा काय देतो? आपल्याकडची बहुतेक गावं बिगर-आदिवासी, आणि वनहक्क कायद्यात इतरांना पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं, त्यामुळे ती वाट लांबची आहे. पण गायरान आहे, आणि ते गावाच्या उपयोगासाठीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 च्या जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना बजावलं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्या पंचायतीत ती कागदावर असेलच. तिची लोकजैवविविधता नोंदवही बघायला मागा. बहुधा शेजारच्या गावाची नक्कल निघेल. तीच नोंदवही गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून खरी करायला काय हरकत आहे? कॉलेजातल्या मुलांनी एक सुट्टी त्यात घालवावी.

एक अवघड गोष्ट मात्र झाकून ठेवून मला खाली बसता येणार नाही. चराईबंदीचा भार कोण उचलतो? ज्याची म्हैस दावणीला आहे आणि शेतात कडबा आहे, तो बंदीच्या ठरावाला हात वर करून मोकळा होतो. जिच्याकडे जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, तिचं काय? साक्रीकडून मेंढ्या घेऊन दरवर्षी ठरल्या वाटेने फिरणाऱ्या ठेलारींचं काय? त्यांच्या मेंढ्या आपल्याच शेतात बसवून आपण खत घेतो, आणि गायरानावर मात्र त्यांना चोर ठरवतो. रान राखल्याच्या पुष्कळ यशोगाथांत या माणसांचं नाव नसतं. ग्रामसभेत ती मागे बसतात, किंवा येतच नाहीत.

काही गावांनी यावर तोड काढली आहे. सगळा डोंगर एकदम बंद न करता त्याचे भाग पाडायचे, एक भाग उघडा ठेवायचा आणि पाळी फिरवायची. कापलेल्या गवतात शेळीवालीचा वाटा आधी काढायचा, लिलाव नंतर. राखणदार म्हणून तिच्याच घरातला माणूस नेमायचा आणि त्याला घरटी धान्य किंवा पैसे द्यायचे. पण यातलं कोणतं तुमच्या गावाला बसेल, ते व्याख्यात्याने सांगायची गोष्ट नाही. सभागृहात शेजारच्या खेड्यांतले सरपंच आहेत, सदस्य आहेत. शेळ्या पाळणाऱ्या बायाही आल्या आहेत, त्या डावीकडे दाराजवळ बसल्या आहेत. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवला आहे. माझी विनंती एवढीच, की पहिला माइक त्यांच्याकडे द्यावा.